सासरच्या घरात माझे आडनाव

लग्नानंतर आडनाव बदलायचे नाही असे मी ठरवले, तेव्हा मला कायद्याची भीती नव्हती. लग्न झाले म्हणून स्त्रीने नाव बदललेच पाहिजे असे सांगणारे कलम १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात नाही आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातही नाही. धास्ती होती ती सासरच्या माणसांची, आणि तीही त्यांच्या रागाची नव्हे. ‘हिला आपलं व्हायचंच नाही’ अशी अढी एकदा कुणाच्या मनात बसली की ती निघता निघत नाही, याची होती. गेल्या काही वर्षांत या एका गोष्टीसाठी जे बोलावे, लिहावे आणि समजावून सांगावे लागले ते येथे सविस्तर मांडत आहे, कारण माझ्या ओळखीतल्या लग्न ठरलेल्या मुली मला याविषयी विचारत असतात. कोणता कागद कुठे द्यायचा हे त्यांना हवे असते, पण त्याहून जास्त हवे असते ते सासूबाईंशी नेमके काय बोलले हे.

मी जिल्हा परिषदेच्या सेवेत औषध निर्माण अधिकारी आहे. माहेर सोलापूर जिल्ह्यातले, नोकरी सातारा जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि सासर सातारा शहरात. आमचा विवाह आंतरजातीय आहे. आपल्याकडे आडनाव उच्चारले की पुष्कळदा जात विचारण्याची गरजच उरत नाही, म्हणून माझे आणि सासरचे अशी दोन्ही आडनावे मी येथे लिहिणार नाही. मात्र हा संदर्भ सांगितल्याशिवाय पुढचे काहीच नीट कळणार नाही. एकाच जातीतल्या दोन घरांत सून आडनाव बदलत नाही तेव्हा प्रश्न रीतीचा आणि मानाचा असतो. आमच्या घरात तो त्याहून खोल होता, आणि तसा तो आहे हे सुरुवातीला कुणी तोंडाने म्हणत नव्हते.

लग्नाचे नक्की होण्यापूर्वीच मी होणाऱ्या नवऱ्याला माझा निर्णय सांगितला. ‘माझी काहीच हरकत नाही’ असे तो लगेच म्हणाला. मला तेवढे पुरेसे वाटले नाही. हरकत नसणे वेगळे आणि आपल्या आईवडिलांसमोर बसून ते सांगणे वेगळे. घरात पाऊल टाकण्याआधीच सुनेने एखादी गोष्ट नाकारली की ती तिच्या स्वभावावर आणि माहेरच्या वळणावर जाते. तीच गोष्ट मुलाने ‘आमच्या दोघांचं असं ठरलंय’ म्हणून सांगितली की निदान तिच्यावर बोलणे तरी होते. म्हणून मी त्याला स्पष्ट म्हटले की हे तूच सांगायचे, मी समोर असताना सांगायचे, आणि लग्नाआधी सांगायचे. आज मला कुणी एकच गोष्ट विचारली तर मी हीच सांगते. नवरा गप्प बसला आणि बायकोला एकटीला सगळ्या घराला उत्तरे द्यावी लागली, अशी जी घरे मी पाहिली आहेत, तिथे आडनाव राहिले असेल किंवा नसेल, पण मने दुखावल्याशिवाय राहिलेली नाहीत.

दुसरा प्रश्न होता तो कारण काय द्यायचे याचा. माझ्या एका मैत्रिणीने सुचवले की सरकारी नोकरी आहे, सेवापुस्तक आहे, जात वैधता प्रमाणपत्र आहे, हे सगळे बदलायचे म्हणजे फार व्याप, एवढेच सांग, म्हणजे पुढे कुणी बोलणार नाही. सल्ला व्यवहारी होता, आणि अनेक मुली याच वाटेने वेळ निभावून नेतात. मी तो स्वीकारला नाही, कारण कागदपत्रांचे कारण खोडून काढता येते. विवाह प्रमाणपत्र जोडून महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची जाहिरात दिली की सेवापुस्तकापासून बँकेच्या पासबुकापर्यंत सगळीकडे नाव बदलून मिळते. वेळ लागतो, पण मिळते. सासरच्या नात्यातले एक काका शासकीय सेवेतून निवृत्त झालेले आहेत. ‘राजपत्राचं माझ्याकडे लागलं, तू फक्त सह्या कर’ असे त्यांनी अगदी आपुलकीने सांगितलेही होते. मी व्यापाचे कारण पुढे केले असते तर काकांनी तो व्याप खरोखरच स्वतःच्या अंगावर घेतला असता, आणि मग नकाराला काही आधारच उरला नसता. जे खरे होते तेच सांगणे मला योग्य वाटले: हे माझे नाव आहे आणि मला ते बदलायचे नाही.

माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, ते माध्यमिक शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक आहेत. नवऱ्याने त्यांच्यासमोर विषय काढला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘घराण्यात आजवर असं झालेलं नाही.’ नवऱ्याने त्यांना त्यांच्याच शाळेतल्या जनरल रजिस्टरची आठवण करून दिली. मुलाचे नाव त्या रजिस्टरात एकदा चढले की शिक्षणाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय त्यात काना-मात्रेचाही बदल करायचा नाही, हा नियम अण्णांनी नोकरीभर कटाक्षाने पाळला होता. नावात दुरुस्ती करून द्या म्हणून येणाऱ्या पालकांना ते आधी दहा प्रश्न विचारत. ‘तिचंही नाव एका शाळेच्या रजिस्टरात आहे, अण्णा. तिला ते तसंच ठेवायचंय, एवढंच आहे,’ असे तो म्हणाला. अण्णांनी होकार दिला नाही, पण त्यानंतर घराण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. ‘तुझ्या आईशी बोल,’ असे म्हणून ते उठले.

सासूबाईंशी बोलणे सोपे नव्हते. त्या रागावल्या नाहीत. त्या दुखावल्या, आणि ते अधिक कठीण होते. ‘लोक म्हणतील, सुनेला आमचं नाव नको झालंय,’ असे त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मी त्यांना म्हटले, ‘आई, घरातलं जे जे सुनेनं करायचं असतं ते मी करीन. कुलाचाराला रजा टाकून येईन, पालीच्या खंडोबाला तुमच्याबरोबर येईन, तुमची औषधं-पाणी बघीन. तुमच्या घरची होण्यासाठी मला नाव टाकावं लागेल असं मात्र मला वाटत नाही.’ त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. नंतर मला कळले की त्या रात्री त्यांनी मुलाला एवढेच विचारले होते, ‘हे ती उद्या बदलायला तयार होईल का?’ आणि तो ‘नाही’ म्हणाला होता. त्याने ‘बघू’ म्हटले असते तर पुढची वर्षे सगळेजण त्या ‘बघू’वर आशा ठेवून बसले असते.

नवऱ्याच्या आत्याबाईंनी मला स्वयंपाकघरात मेथी निवडायला बसवले आणि हळू आवाजात सांगितले ते मी विसरू शकत नाही. ‘अगं, आडनाव बदललंस की कुणी काही विचारणार नाही. हळदीकुंकवात नाही, लग्नकार्यात नाही. तुझ्याच भल्याचं सांगते मी.’ त्यांच्या सांगण्यात कपट नव्हते. समाज त्यांनी पाहिलेला होता, आणि त्यांच्या परीने त्या मला एक आडोसा देऊ करत होत्या. पण तो आडोसा कशापासून होता, हे त्या क्षणी मला लख्ख दिसले. माझ्या वडिलांनी माझ्या जात पडताळणीसाठी आजोबांच्या शाळेचा दाखला मिळवायला जुनी दप्तरे धुंडाळली होती. त्या दाखल्यावर हेच आडनाव आहे. याच नावाने मी परीक्षा दिल्या आणि याच नावाने नोकरीचा आदेश हातात पडला. जात जन्माने ठरते, विवाहाने बदलत नाही, हे न्यायालयांनी वेळोवेळी स्पष्ट केले आहे, आणि विवाहित स्त्रीच्या जातीच्या दाखल्यासाठी आजही तिच्या वडिलांकडचेच पुरावे लागतात. म्हणजे नाव बदलूनही मी बदलणार नव्हते. फक्त मी कोण आहे हे शेजारच्या बाईला कळू नये, अशी व्यवस्था होणार होती. ‘आत्या, विचारू दे की कुणी. मी सांगीन,’ असे मी त्यांना म्हटले. मेथी निवडून होईपर्यंत त्या पुढे काही बोलल्या नाहीत, पण जाताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. आडनाव ठेवण्यामागे माझी आणखीही कारणे आहेत, तरी हे कारण माझ्या दृष्टीने सर्वांत मोठे आहे.

आम्ही विशेष विवाह कायद्याखाली २०१९ मध्ये लग्न केले. या पद्धतीत दोघांपैकी एक जण नोटीस देण्यापूर्वी किमान ३० दिवस त्या जिल्ह्यात राहत असावा लागतो. मी साताऱ्यातच राहत होते. नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात फलकावर लागते, आणि कुणाचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर तिची प्रत तिकडेही लावायला जाते. तीस दिवसांत वैध हरकत आली नाही की लग्न लावता येते. मात्र नोटिशीपासून तीन महिन्यांत ते झाले नाही तर सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर दोघांनी एकमेकांना नाव घेऊन पती-पत्नी म्हणून स्वीकारायचे असते, आणि ते आपल्याला समजणाऱ्या भाषेत म्हणता येते. आम्ही मराठीत म्हटले. माझे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह, त्याने सगळ्यांसमोर उच्चारले, आणि प्रमाणपत्रावर मी नेहमीची सही केली. साक्षीदारांत राजपत्राचे पाहतो म्हणणारे तेच काका होते. सही करण्यापूर्वी त्यांनी मजकूर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, माझ्याकडे पाहून मान हलवली आणि सही केली.

त्याच संध्याकाळी घरी गृहप्रवेश झाला. माप ओलांडून आत आल्यावर पाटासमोर तांदूळ पसरलेले ताट ठेवलेले होते आणि त्यात अंगठी. नव्या सुनेचे नवे नाव नवऱ्याने अंगठीने तांदळात लिहायचे, ही रीत आपल्याकडे घराघरांत आहे. आडनावच काय, पहिले नावही बदलण्याची ही परंपरा जुनी आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे जन्मनाव यमुना होते, रमाबाई रानडे यांचेही यमुनाच, आणि महर्षी कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई या माहेरच्या गोदूबाई होत्या. सासूबाईंनी माझ्यासाठी एक नाव मनात योजून ठेवले आहे हे मला माहीत होते, कारण नणंदेने ते आदल्या दिवशी कानावर घातले होते. जमलेल्या बायका ताटाकडे पाहत होत्या. सासूबाईंनी मुलाच्या हातात अंगठी दिली आणि त्याने विचारायच्या आतच म्हणाल्या, ‘तिचं आहे तेच लिही.’ त्याने तांदळात माझे नाव लिहिले, मग अक्षर वाकडे आले म्हणून तळहाताने तांदूळ सारखे करून पुन्हा लिहिले. त्यांना हे किती जड गेले असेल याची मला कल्पना आहे, आणि त्यांचे ते एक वाक्य मी फार मोलाचे मानते.

कार्यालयातला भाग तुलनेने लवकर उरकला, मात्र तिथेही सुरुवात गैरसमजानेच झाली. आस्थापना शाखेतल्या लिपिकाने लग्नाच्या रजेचा अर्ज पाहताच ‘आता राजपत्र आणा, नाव बदलावं लागेल’ असे सांगितले. मी लेखी अर्ज दिला की माझी वैवाहिक स्थिती ‘विवाहित’ अशी नोंदवावी, पतीचे नाव कुटुंबाच्या तपशिलात घ्यावे, आणि माझ्या नावात कोणताही बदल नाही. नाव बदलणे बंधनकारक असल्याचा नियम असल्यास त्याचा क्रमांक कळवावा, असेही त्यात नम्रपणे लिहिले. असा क्रमांक अर्थातच आला नाही. लग्नानंतर नामनिर्देशन नव्याने करणे मात्र खरोखर महत्त्वाचे असते, आणि पुष्कळ जणी नावाच्या गडबडीत ते विसरतात. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना, गट विमा, उपदान (ग्रॅच्युइटी) या सगळ्यांसाठी मी त्याच आठवड्यात नवी नामनिर्देशने भरली. पतीचे आडनाव वेगळे आहे म्हणून कुठेही अडले नाही. विवाह प्रमाणपत्राची प्रत जोडली की नाते सिद्ध होते.

बाकीच्या कागदांबद्दल थोडक्यात सांगते. पॅन कार्डावर विवाहित स्त्रीचेही वडिलांचेच नाव असते, पतीचे नव्हे, त्यामुळे तिथे काही करायचेच नव्हते. आधारवर फक्त पत्ता बदलला. मतदार यादीत सासरच्या पत्त्यावर नाव आणायला स्थलांतराचा अर्ज भरला. शिधापत्रिकेसाठी माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणून सासरच्या कार्डात नाव चढवले. तिथे कारकुनाने सवयीने सासरचे आडनाव लिहिले होते ते खिडकीवरूनच दुरुस्त करून घेतले. हे फार महत्त्वाचे आहे. एका कागदावर जरी दुसरे आडनाव चढले तरी पुढे ‘या दोन्ही व्यक्ती एकच’ अशी प्रतिज्ञापत्रे करत बसावे लागते. म्हणून कुठलाही अर्ज असो, पावती हातात घेतल्याबरोबर नाव वाचायचे, ही सवय मी लावून घेतली आहे. पारपत्रासाठी विवाह प्रमाणपत्र जोडण्याची अट डिसेंबर २०१६ पासूनच गेलेली आहे, तरी दलाल अजून ती सांगतात.

कागदांपेक्षा अवघड ठरली ती दिराच्या लग्नाची पत्रिका. मुद्रकाने कच्चा मसुदा पाठवला होता आणि अण्णा लाल पेन घेऊन तो तपासत बसले होते. ‘आपले नम्र’ या मथळ्याखाली घरातल्या सगळ्यांची नावे आडनावासकट होती: श्री. व सौ. अशा जोड्या, आणि आमच्या जोडीत माझ्या नावापुढे नवऱ्याचे नाव आणि सासरचे आडनाव. मी काही बोलण्यापूर्वी नवरा म्हणाला, ‘अण्णा, हे असं नाही.’ सासूबाई लगेच म्हणाल्या, ‘पत्रिका पाहुण्यांच्या हातात जाते. आडनाव वेगळं दिसलं की सगळे तेवढंच वाचतील.’ त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. दिराचे लग्न होते, तिथे माझ्या नावाची चर्चा व्हावी असे मलाही वाटत नव्हते. पण जे माझे नाव नाही ते हजारभर कागदांवर छापले जावे हेही मला मान्य नव्हते. मी म्हटले, ‘माझं नाव नाही छापलं तरी चालेल, आई. पण छापायचं असेल तर माझंच छापा.’ अण्णांनी बराच वेळ पेन हातात धरून ठेवले. मग त्यांनी खालच्या सगळ्याच नावांवरची आडनावे एकेक करून खोडली, आणि वर ठळक अक्षरात ‘समस्त’ हा शब्द, आडनाव आणि ‘परिवार’ असे एकदाच लिहिले. खाली फक्त नावे राहिली: त्यांचे, सासूबाईंचे, माझे, नवऱ्याचे, नणंदेचे. मी त्या परिवारात होते आणि माझ्या नावाला धक्का लागला नव्हता. इतका साधा उपाय आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता.

सगळे विरोध असे सुटले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. सासरच्या नात्यातल्या काही घरी आजही लिफाफ्यावर माझे नाव सासरच्या आडनावानेच येते. प्रत्येक वेळी दुरुस्त करणे शक्य नसते, आणि बोलावणे प्रेमाचे असेल तर मी तिथे शब्द काढत नाही. कागद शासकीय असेल, पैशाचा असेल किंवा माझ्या सहीचा असेल तेव्हा मात्र एका अक्षराचीही तडजोड करत नाही. एका कार्यात नात्यातल्या एका गृहस्थांनी मला विचारले, ‘तुमचं आडनावही शेवटी वडिलांचंच ना? मग नवऱ्याचं का नको?’ हा प्रश्न अनेकींना विचारला जातो, आणि तो बिनतोड आहे असे विचारणाऱ्याला वाटते. मी त्यांना विचारले की तुमचे आडनावही तुमच्या वडिलांचेच आहे, पण ते तुमचे नाही असे तुम्हाला कधी कुणी म्हटले आहे का? जन्मापासून ज्या नावाने माणूस ओळखला जातो ते त्याचे असते. मुलाच्या बाबतीत हे सगळ्यांना पटते, मग मुलीच्या बाबतीत ते का पटू नये, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेले नाही.

सासूबाईंच्या बाजूने काही सैल झाले असेल तर ते त्यांच्या माहेरच्या वारस नोंदीच्या वेळी. त्यांचे वडील वारले आणि गावच्या जमिनीवर वारसांची नावे लावायची वेळ आली. मुलगी म्हणून सासूबाईंचा वाटा होताच, आणि मामांचीही त्याला हरकत नव्हती. पण शाळेच्या दाखल्यावर त्यांचे नाव वेगळे, आधारवर वेगळे. लग्नात पहिले नावही बदललेले आणि त्या काळच्या लग्नाची कुठे नोंद नाही. म्हणजे दाखल्यावरची मुलगी आणि समोर बसलेली बाई एकच, हे सांगणारा एकही कागद त्यांच्यापाशी नव्हता. मी आणि त्या मिळून ते काम केले. प्रतिज्ञापत्र करून घेतले, गावातल्या जुन्या माणसांचे जबाब घेतले, तलाठ्याकडे अर्ज दिला, पंधरा दिवसांची नोटीस निघाली, आणि मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार मंजूर केल्यावर सातबाऱ्यावर त्यांची दोन्ही नावे ‘ऊर्फ’ लावून आली. तो उतारा त्यांनी डोळ्यांजवळ धरून वाचला. लहानपणीचे नाव त्यांनी कितीतरी वर्षांनी छापील पाहिले होते. ‘या नावानं आता फक्त माझा थोरला भाऊ हाक मारतो,’ असे त्या म्हणाल्या. यावरून त्यांचे मत बदलले असे मी म्हणणार नाही. सुनेने आडनाव घ्यावे असेच त्यांना आजही वाटते, आणि मैत्रिणींत त्या ते बोलूनही दाखवतात. पण त्याच मैत्रिणींपैकी कुणी माझ्याबद्दल वेडेवाकडे बोलले तर त्या तिथेच थांबवतात, हे मला नणंदेकडून कळले आहे.

आमची मुलगी २०२४ च्या पावसाळ्यात जन्मली. त्या वर्षी मार्चमध्ये राज्य शासनाने निर्णय घेतला होता की १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकांचे नाव शासकीय दस्तऐवजांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि मग आडनाव या क्रमाने लिहावे. त्यामुळे माझे नाव तिच्या जन्मदाखल्यावर तिच्याच नावाचा भाग म्हणून आले, आणि त्याचा मला मनापासून आनंद झाला. आडनाव कोणते लावायचे यावर आम्ही दोघे गरोदरपणात अनेकदा बोललो होतो. आम्ही तिच्या वडिलांचे लावले. त्यामागे कुणाचा दबाव नव्हता. ती मोठी झाल्यावर तिला वेगळे वाटले तर तिने ते खुशाल बदलावे, असे आम्ही दोघांनीही ठरवले आहे. त्याच शासन निर्णयात विवाहित स्त्रियांसाठी मात्र नाव, पतीचे नाव आणि आडनाव ही चालत आलेली पद्धतच पुढे सुरू ठेवली आहे, आणि विवाहापूर्वीच्या नावाची मुभा मालमत्तेच्या दस्तऐवजांपुरती दिली आहे. आईचे नाव मुलाच्या नावात सक्तीने आणणाऱ्या शासनाने आईला स्वतःच्या नावाविषयीही तेवढाच स्पष्ट हक्क लिहून द्यायला हवा होता, असे मला ठामपणे वाटते. मुभा कागदावर असली तरी काउंटरवर बसलेला माणूस चालत आलेल्या पद्धतीकडेच बोट दाखवतो, आणि दरवेळी वाद घालण्याइतका वेळ आणि धीर प्रत्येक बाईपाशी असतोच असे नाही.

त्या मुभेचा उपयोग आम्ही सध्या करत आहोत. आम्ही साताऱ्यातच एक सदनिका घेत आहोत. निवासी मिळकत केवळ स्त्रीच्या नावे घेतली तर राज्यात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, म्हणून खरेदीखत एकट्या माझ्या नावाने करायचे ठरले. कर्जात नवरा सहकर्जदार आहे. घर सुनेच्या नावावर आणि तेही माहेरच्या आडनावाने, यावर नात्यात बोलणे होणार हे आम्हाला माहीत होते आणि ते झालेही. काकांनी फोन करून अण्णांना विचारले. अण्णा म्हणाले, ‘हप्ता तिच्या पगारातून जाणार आहे, नाव तिचंच असणार.’ वकिलांनी पाठवलेला मसुदा मी छापून अण्णांना वाचायला दिला, कारण कागद त्यांच्याइतका बारकाईने आमच्या घरात दुसरे कुणी वाचत नाही. खरेदीदार म्हणून त्यात माझे नाव, वडिलांचे नाव आणि माझे आडनाव आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो परत दिला तेव्हा त्यावर लाल पेनाची एकच खूण होती: चटई क्षेत्राचा आकडा एका पानावर चौरस मीटरमध्ये आणि दुसऱ्या पानावर चौरस फुटांत दिलेला होता, आणि दोन्ही जुळत नव्हते. वकिलांना मी ते कळवले आहे. दुरुस्त प्रत आली की नोंदणीची तारीख घ्यायची आहे.